टोळी आली, काटा कुठाय? थ्रेड पूल सुरू होतानाच का अडकतो

रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग कापायला आली की शेतकरी दर घडासाठी नवा मजूर शोधत गावात फिरत नाही. तो मुकादमाला फोन करतो आणि मुकादम टोळी घेऊन येतो. टोळीतली माणसं दिवसभर शेतातच असतात. एक घड कापून, वाहून, काट्यावर ठेवून झाला की तोच माणूस पुढच्या घडाकडे वळतो. घड शंभर असोत की हजार, माणसं तेवढीच.

थ्रेड पूल म्हणजे अशीच टोळी. थ्रेड हा प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे राबणारा कामगार. प्रत्येक कामाला नवा थ्रेड बनवता येतो, पण तो फुकट येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची नोंद करावी लागते, त्याच्या स्टॅकसाठी (तात्पुरती माहिती ठेवण्यासाठी) जागा राखावी लागते. लिनक्सवर ही राखीव जागा बहुतेक ठिकाणी ८ एमबी असते. त्यातली प्रत्यक्ष वापरली जाते ती लागेल तेवढीच. काम मोठं असेल तर हा खर्च जाणवत नाही. पण एकेक काम मिलिसेकंदाच्याही आत संपणारं असेल आणि अशी हजारो कामं येत असतील, तर माणूस आणण्यात आणि परत पाठवण्यातच वेळ जातो. म्हणून आठ-दहा थ्रेड सुरुवातीलाच बनवून ठेवायचे आणि कामं एका रांगेत लावायची. जो कामगार मोकळा असेल तो रांगेतलं पुढचं काम उचलतो.

कल्पना इतकी सोपी आहे की कॉलेजात हा प्रकल्प दर वर्षी कोणी ना कोणी करतं. दीड-दोनशे ओळींत चालतं-फिरतं काहीतरी उभं राहतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कोडमध्ये पहिल्या वीस ओळींतच चूक असते, म्हणजे पूल सुरू करण्याच्या भागात. कामं वाटण्याचा अवघड वाटणारा भाग बरोबर असतो, आणि नुसती मांडामांड वाटणारा भाग चुकतो. हा लेख त्या वीस ओळींबद्दल आहे.

माझ्या वडिलांच्या बागेत एकदा टोळी पहाटे सहाला हजर झाली आणि वजनकाटा आलाच नव्हता. काटा आणणारी गाडी वाटेत पंक्चर झाली होती. टोळीला कोणी थांबा म्हटलं नाही, त्यामुळे त्यांनी कापायला सुरुवात केली. काटा आला तोवर बांधावर चार ढीग लागले होते आणि कोणता ढीग कुणाचा, किती घडांचा, हे कुणालाच सांगता येईना. माणसं कामाची होती, काटाही बिनचूक होता. चुकला होता तो फक्त क्रम. आणि कापलेला घड परत खोडाला लावता येत नाही.

आता कोडकडे येते. मी जळगावात एका छोट्या टीममध्ये काम करते. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक सेवा चालवतो: काट्यावरच्या पावत्यांचे फोटो येतात, ते लहान करायचे, सरळ करायचे, साठवायचे. काम समांतर करता येण्यासारखं, म्हणून आम्ही सी भाषेत आमचाच एक छोटा थ्रेड पूल लिहिला होता. त्याचं सुरुवातीचं फंक्शन मराठीत उतरवलं तर असं दिसेल:

पूल = मेमरी मागा
पूल.संख्या = ८
८ वेळा: नवा थ्रेड सुरू करा, त्याला पूलचा पत्ता द्या
पूल.लॉक तयार करा
पूल.घंटा तयार करा
पूल.रांग = रिकामी
पूल परत द्या

लॉक म्हणजे म्युटेक्स: एका वेळी एकानेच रांगेला हात लावावा म्हणून. घंटा म्हणजे कंडिशन व्हेरिएबल: रांग रिकामी असेल तर कामगार झोपतो, काम आलं की घंटा वाजवून त्याला उठवतात. याशिवाय पूलमध्ये 'थांबा' नावाचा एक झेंडा असतो. तो वर गेला की कामगारांनी काम सोडून घरी जायचं.

हे फंक्शन आमच्याकडे कित्येक महिने चाललं. लॅपटॉपवर कधीच तक्रार आली नाही. सर्व्हरवर मात्र अधूनमधून, सेवा रीस्टार्ट केल्यावर, फोटो हळू सरकायचे. पुन्हा रीस्टार्ट केलं की ठीक. आम्ही नेटवर्कला दोष देत राहिलो. मग एके दिवशी हंगामाच्या ऐन गर्दीत एकही फोटो पुढे सरकेना. आमच्याकडे शिंदखेड्याचा एक मुलगा इंटर्न होता, तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आते काय व्हयनं व ताई? सीपीयू तर रिकामा बसेल शे."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. प्रोग्रॅम क्रॅश झाला नव्हता, दमलाही नव्हता. आम्ही चालू प्रोसेसला डीबगर जोडला आणि सगळे थ्रेड कुठे उभे आहेत ते पाहिलं. आठही कामगार घंटेची वाट पाहत झोपलेले. रांगेत चाळीसच्या वर कामं. घंटा प्रत्येक कामामागे वाजत होती. ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

असं कसं झालं, ते सावकाश पाहू, कारण सगळी गोम इथेच आहे.

थ्रेड सुरू करण्याचं फंक्शन परत येतं तेव्हा नवा थ्रेड सुरू झालेला असेलच असं नाही, आणि सुरू झालेला नसेलच असंही नाही. कधी मूळ थ्रेड पुढच्या चार ओळी उरकून घेतो आणि मग कामगार जागा होतो. कधी कामगार प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर लगेच पळायला लागतो आणि मूळ थ्रेड मागे राहतो. लॅपटॉपवर आमच्या नशिबानं पहिला प्रकार घडायचा. सर्व्हरवर कोअर जास्त, वर्दळ वेगळी, त्यामुळे दुसरा प्रकार घडू लागला.

कामगार आधी पोचला तर काय करतो? लॉक मागतो. लॉक अजून तयार झालेलं नाही, पण त्या जागेत योगायोगानं सगळे शून्य आहेत. लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत सगळे शून्य असलेलं लॉक हे साधं उघडं लॉकच दिसतं. म्हणून लॉक मिळतं. रांग पाहतो, तिथेही शून्य, म्हणजे रिकामी. मग नियमाप्रमाणे घंटेपाशी जाऊन झोपतो. घंटेच्या वहीत नोंद होते: एक जण वाट पाहतोय.

आता मूळ थ्रेड पुढच्या ओळींवर येतो: लॉक तयार करा, घंटा तयार करा. तयार करणं म्हणजे काय, तर आधीचं सगळं पुसून कोरी वही ठेवणं. झोपलेल्या कामगाराची नोंद पुसली गेली. यानंतर घंटा वाजवली की वही सांगते, वाट पाहणारं कुणी नाही. म्हणून कुणालाच उठवलं जात नाही. तो कामगार प्रोग्रॅम बंद होईपर्यंत झोपलेलाच.

आठपैकी दोघे-तिघे असे कायमचे झोपले तर उरलेले पाच-सहा काम ओढत राहतात. सेवा हळू होते, बंद पडत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्या दिवशी आठही जण आधी पोचले होते.

दुरुस्ती तीन ओळींची. लॉक, घंटा आणि रांग तयार करणाऱ्या ओळी थ्रेड सुरू करण्याच्या वर नेल्या. बस्स. इंटर्ननं विचारलं, एवढ्यानं भागेल? एका कोअरनं लिहिलेलं दुसऱ्या कोअरला लगेच दिसेलच असं नसतं म्हणतात, मग वर आणखी काही लावायला नको का?

प्रश्न चांगला होता. एका थ्रेडनं मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कधी आणि कोणत्या क्रमानं दिसेल, याची सर्वसाधारणपणे खात्री नसते हे खरंच. पण थ्रेड सुरू करणं हीच एक हमी असते. पीथ्रेड क्रिएटच्या (सी भाषेत थ्रेड सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) आधी मूळ थ्रेडनं जे जे लिहिलं, ते नव्या थ्रेडला पूर्ण दिसतं, हे मानकातच आहे. जावामध्ये थ्रेडच्या स्टार्टला हीच हमी आहे, सी प्लस प्लसमध्येही. म्हणून थ्रेड सुरू होण्याआधी सगळं मांडून ठेवलं तर वेगळा अडसर, व्होलाटाइल, काहीही लागत नाही. (सी आणि सी प्लस प्लसमध्ये व्होलाटाइल हे थ्रेडमधल्या समन्वयासाठी नाहीच. जावामधला त्याच नावाचा शब्द वेगळं काम करतो, त्यामुळे दोन्हीकडे फिरणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो.)

अशा बगवर एक उपाय मी अनेक ठिकाणी पाहिलाय आणि तो पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं: कामगाराच्या पहिल्या ओळीत स्लीप. शंभर मिलिसेकंद थांब, तोवर सगळं तयार होईल. टोळीला सांगायचं, बांधावर पाच मिनिटं बसा, काटा येईलच. बहुतेक वेळा येतोही. पण सर्व्हरवर भार असेल, मूळ थ्रेडला त्या शंभर मिलिसेकंदांत पाळीच मिळाली नाही, तर बग तसाच. शिवाय आता तो वर्षातून एकदा येतो, म्हणजे शोधणं आणखी कठीण.

आमची गोष्ट इथे संपली नाही. ओळी वर नेल्यावर आठवडाभर सगळं छान चाललं. मग आम्ही सेवेत एक नवी सोय केली: सेटिंग बदललं की जुना पूल बंद करायचा आणि नव्या संख्येचा दुसरा उघडायचा. पहिला पूल उत्तम चालायचा. दुसरा उघडला की कधी कधी त्यातले सगळे कामगार क्षणात नाहीसे व्हायचे. झोपलेले नव्हे, थ्रेडच संपलेले.

वरच्या सात ओळी पुन्हा वाचून बघा. 'थांबा' झेंडा कुठे आहे?

कुठेच नाही. तो खाली ठेवायचा असतो हे आम्ही लिहिलंच नव्हतं, आणि तरीही पहिला पूल चालत होता. याचं कारण मॅलॉक, म्हणजे मेमरी मागण्याच्या फंक्शनच्या स्वभावात आहे. मॅलॉक जागा देतो, ती झाडून-पुसून देत नाही. पण प्रोग्रॅम नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा ती जागा बहुतेक वेळा थेट कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, ताजी आलेली असते, आणि कर्नल दुसऱ्या कुणाचा डेटा आपल्या हाती पडू नये म्हणून ताजं पान शून्यांनी भरूनच देतो. म्हणजे झेंडा आपोआप खाली. दुसरा पूल उघडेपर्यंत मात्र प्रोग्रॅमनं बरीच मेमरी घेतलेली आणि सोडलेली असते. आता मॅलॉक तीच जुनी जागा फिरवून देतो, आधीच्या कुणाच्या तरी खुणांसकट. आमच्या झेंड्याच्या जागी एखाद्या जुन्या पावतीचा आकडा पडलेला असायचा. शून्य नाही, म्हणजे झेंडा वर. कामगार आले, झेंडा पाहिला, घरी गेले.

कॅलॉक वापरला तर जागा शून्य करून मिळते आणि हा बग झाकला जातो. आम्ही कॅलॉक घेतलाच, पण झेंडा खाली ठेवण्याची ओळही स्पष्ट लिहिली. लॉक आणि घंटेबद्दल तर मी हट्टच धरला. शून्यांनी भरलेलं लॉक लिनक्सवर चालतं हा तिथल्या रचनेचा योगायोग आहे, कुणी दिलेला शब्द नव्हे. ते रीतसर तयारच करायचं, आणि तयार करणाऱ्या फंक्शननं काय परत दिलं तेही तपासायचं.

परत काय दिलं हे तपासण्यावरून आणखी एक सापडलं. आमच्या कोडमध्ये तपासणी होती: पीथ्रेड क्रिएटचं उत्तर शून्याहून कमी आलं तर चूक समजा. युनिक्सच्या बहुतेक जुन्या फंक्शन्सना हे लागू पडतं, चुकलं की ती उणे एक देतात. पीथ्रेडची फंक्शन्स तसं करत नाहीत. ती यशाला शून्य देतात आणि अपयशाला त्या-त्या चुकीचा ठरलेला क्रमांक (एरर नंबर), जो धन असतो. म्हणजे आमची तपासणी कधीच खरी ठरणार नव्हती. थ्रेड बनला नाही तरी आम्ही बनला असंच धरून पुढे जात होतो.

आणि थ्रेड न बनणं ही काही काल्पनिक गोष्ट नाही. प्रत्येक वापरकर्त्याला किती प्रोसेस आणि थ्रेड मिळतील याची मर्यादा असते, सेवा कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या बंदिस्त कप्प्यात) चालत असेल तर त्याला वेगळी मर्यादा असते, मेमरीही संपू शकते. आठ जणांची टोळी सांगितली आणि पाचच आले, तर मुकादमाला दोन रस्ते असतात: पाच जणांत दिवस काढायचा, नाहीतर पाचांना परत पाठवून शेतकऱ्याला आज जमत नाही म्हणून सांगायचं. पूलमध्येही दोन्ही चालतात, पण कोणता ते लिहिताना ठरवावं लागतं. न ठरवल्यावर जे घडतं ते दोन्हीपेक्षा वाईट. आमच्या फंक्शनच्या शेवटी नंतर कुणीतरी आणखी एक ओळ घातली होती: आठ कामगार हजेरी लावेपर्यंत इथेच फिरत राहा. पाचच आले तर हजेरी आठ कधी होणारच नाही. प्रोग्रॅम सुरू होतानाच एका कोअरला शंभर टक्के कामाला लावून जागेवरच फिरत बसणार, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार की सेवा उगाच उशीर करतेय. त्यात हजेरीचा आकडा वाढवताना लॉक घेतलेलं नव्हतं. दोन कामगारांनी एकाच वेळी तीन वाचून दोघांनीही चार लिहिलं की एक हजेरी हरवली. मग आठही आले तरी वाट पाहणं संपायचं नाही.

आम्ही परत पाठवण्याचा रस्ता निवडला. त्यातला क्रम जपावा लागतो. आधी लॉक घेऊन झेंडा वर करायचा, घंटा सगळ्यांसाठी वाजवायची, लॉक सोडायचं. मग जेवढे थ्रेड खरोखर बनले तेवढ्यांचीच, पाच तर पाच, जॉइन करून, म्हणजे ते संपेपर्यंत, वाट पाहायची. ते बाहेर पडल्यावरच घंटा मोडायची, लॉक मोडायचं आणि शेवटी मेमरी सोडायची. उभारताना ज्या क्रमानं गेलो त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं मागे यायचं. पुष्कळ कोडमध्ये इथे थेट मेमरी सोडून रिकामं उत्तर देतात. आणि ते पाच कामगार? ते अजून चालू असतात, सोडलेल्या मेमरीतलं लॉक धरू पाहतात, आणि क्रॅश भलत्याच फाइलमध्ये, भलत्याच वेळी होतो.

हजेरीची ती ओळ घालणाऱ्याच्या मनात काय असावं, हेही सांगते, कारण भीती खरी होती, उपाय चुकला. त्याला वाटलं असणार: पूल सुरू झाल्या झाल्या कुणी काम टाकलं आणि कामगार अजून घंटेपाशी पोचलाच नसेल, तर घंटा वाया जाईल. हे खरं आहे. कंडिशन व्हेरिएबलला आठवण नसते. वाजली तेव्हा जो झोपलेला होता तोच उठतो, नंतर येणाऱ्याला ती वाजल्याचं कळत नाही. पण रांगेला आठवण असते. म्हणून कामगारानं आल्या आल्या झोपायचं नसतं. आधी लॉक घ्यायचं, रांग पाहायची, रिकामी असेल तरच झोपायचं, आणि उठल्यावर पुन्हा रांग पाहायची. हे इफनं नाही, व्हाइलनं लिहायचं, कारण कधी कधी घंटा न वाजताही जाग येते, आणि कधी आपण उठेपर्यंत दुसऱ्यानं काम उचललेलं असतं. एवढं पाळलं की कामगार उशिरा आला तरी बिघडत नाही. काम रांगेत बसलेलंच असतं. हजेरीची ओळ आम्ही काढूनच टाकली.

पुढे हाच पूल एकानं सी प्लस प्लसमध्ये लिहिला, आणि पहिला बग नव्या वेशात परत आला. सी प्लस प्लसमध्ये क्लासमधले घटक कोणत्या क्रमानं तयार होतात? कन्स्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट उभारणाऱ्या फंक्शनच्या) यादीत लिहिलेल्या क्रमानं नाही, तर क्लासमध्ये ते ज्या क्रमानं जाहीर केलेत त्या क्रमानं. त्यानं वर कामगारांची यादी जाहीर केली होती, खाली लॉक आणि घंटा, आणि कामगार कन्स्ट्रक्टरच्या यादीतच सुरू केले होते. डोळ्यांना यादी बरोबर दिसते, लॉक आधी, कामगार नंतर. प्रत्यक्षात कामगार आधी. जीसीसी या कंपायलरला सगळे नेहमीचे इशारे दाखवायला सांगितलं की तो हा उलटा क्रम दाखवतो. आमच्याकडे तो इशारा येत होता, पण चारशे इतर इशाऱ्यांच्या गर्दीत.

मोडताना क्रम उलटा होतो: शेवटी जाहीर केलेला घटक आधी मोडतो. म्हणून कामगारांची यादी क्लासमध्ये सगळ्यात खाली ठेवली की दोन्ही बाजू सुधारतात. सुरू होताना ती शेवटी, मोडताना पहिली. सी प्लस प्लस २० मधला जेथ्रेड मोडताना थांबण्याची विनंती करून स्वतःच जॉइन करतो, त्यामुळे तो शेवटचा घटक म्हणून छान बसतो. फक्त झोपलेल्या कामगाराला ती विनंती ऐकू जाईल अशी सोय आपण करायची. साधा थ्रेड घेतला आणि जॉइन न करता तो मोडला गेला, तर सगळा प्रोग्रॅमच तिथल्या तिथे बंद पडतो. सहावा थ्रेड बनवताना एक्सेप्शन उडालं तर हेच होतं: कन्स्ट्रक्टर अर्धवट राहिला, म्हणून पूलचा डिस्ट्रक्टर (मोडताना चालणारं फंक्शन) चालत नाही, पण बनलेल्या पाच थ्रेडची यादी मात्र मोडली जाते.

काही बग छोटे आहेत, तरी वारंवार भेटतात. कामगाराला त्याचा क्रमांक देताना लूपमधल्या चलाचा पत्ताच दिला, तर तो वाचेपर्यंत चल पुढे गेलेलं असतं आणि तिघे जण स्वतःला पाच नंबर समजतात. क्रमांक प्रत्येकाला वेगळ्या जागेत द्यावा. तसंच, नव्या थ्रेडनं आपली ओळख पूलच्या यादीतून वाचू नये. पीथ्रेड क्रिएट ती ओळख यादीत लिहीपर्यंत थ्रेड पळायला लागलेला असू शकतो. आपण कोण हे त्यानं पीथ्रेड सेल्फला विचारावं.

कामगार किती, हा प्रश्नही सुरुवातीचाच. लोक मशीनला कोअर किती ते विचारून तेवढे थ्रेड बनवतात. सी प्लस प्लसमधलं त्यासाठीचं फंक्शन, माहिती मिळाली नाही तर शून्य देऊ शकतं. शून्य कामगारांचा पूल विनातक्रार उघडतो, कामं घेतो, आणि एकही करत नाही. किमान एक धरलाच पाहिजे. उलट्या बाजूनं, कंटेनरला दोनच कोअर दिलेत आणि प्रोग्रॅमला अख्ख्या मशीनचे चौसष्ट दिसतात असंही होतं. जावाला जावा १० पासून कंटेनरची मर्यादा नीट कळते, आणि जावा ८ मध्ये ती सुधारणा अपडेट १९१ पासून आली. जुन्या अपडेटवर अडकलेल्या सेवा अजून भेटतात.

फोर्कबद्दल थोडक्यात: प्रोसेसची नक्कल केली की नकलेत फक्त फोर्क बोलावणारा थ्रेड येतो. पूलची रचना येते, रांग येते, लॉक येतं, कामगार येत नाहीत. नक्कल होताना लॉक दुसऱ्या कुणा थ्रेडनं धरलेलं होतं, तर नकलेत ते कायमचं बंद. म्हणून फोर्क आधी आणि पूल नंतर. पायथॉन ३.१२ पासून अनेक थ्रेड चालू असताना फोर्क केलं की इशारा देतो, तो याचसाठी.

जावा किंवा पायथॉनमध्ये तयार पूल वापरणाऱ्यांचं यातलं बरंच ओझं कमी झालंय. जावा ५ मध्ये, २००४ साली, डग ली यांच्या पुढाकारानं तयार झालेले पूल भाषेतच आले. तिथे कामगार सुरुवातीलाच बनत नाहीत, कामं येतील तसे बनतात, त्यामुळे आमच्या पहिल्या बगला जागाच उरत नाही. तरी एक चूक आपल्या हातून होऊ शकते: स्वतःच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच पूलला काम देणं आणि त्या कामात अर्धवट तयार झालेला आपलाच ऑब्जेक्ट पाठवणं. काटा यायच्या आधी कापायला सुरुवात, पुन्हा तेच. पायथॉनमध्ये ३.७ पासून प्रत्येक कामगारानं सुरू होताना चालवायचं एक फंक्शन देता येतं. ते फसलं तर पूल तुटला असं जाहीर होतं आणि वाट पाहणाऱ्या सगळ्या कामांना ती चूक कळवली जाते. मला ही पद्धत फार आवडते. अर्धी टोळी मुकाट राबवत ठेवण्यापेक्षा हे शेतकऱ्याला ताबडतोब कळलेलं बरं.

आता हे बग पकडायचे कसे? एकदा चालवून पाहण्याचा काही उपयोग नाही, हे आम्ही कित्येक महिने अनुभवलं. स्लीपला मी वर नावं ठेवली, पण चाचणीत तो उलट्या बाजूनं फार कामाचा आहे. कामगाराच्या आत नाही, सुरुवातीच्या फंक्शनमध्ये, थ्रेड सुरू केल्यानंतरच्या लगेचच्या ओळीत दोन सेकंदांचा स्लीप घाला. म्हणजे कामगारांना मुद्दाम आधी पोचू द्या. क्रमात चूक असेल तर वर्षातून एकदा येणारा बग आता दर वेळी येतो. आमच्या जुन्या कोडवर हे केलं तेव्हा आठही कामगार पहिल्याच खेपेला झोपले.

मेमरीतल्या उष्ट्या जागेसाठी लिनक्सच्या सी लायब्ररीत मॅलॉक पर्टर्ब नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यात १ ते २५४ मधला एखादा आकडा ठेवला की मॅलॉक जागा मुद्दाम कचऱ्यानं भरून देतो. आमचा विसरलेला झेंडा यात पहिल्याच पूलमध्ये सापडला असता. थ्रेड न बनण्याची परिस्थिती आणायला वापरकर्त्याची थ्रेडची मर्यादा खाली आणायची. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका, रूटला ती मर्यादा लागत नाही. आणि थ्रेड सॅनिटायझर लावून कंपाइल करा. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत तो आहे. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो आणि मेमरीही कित्येक पट जास्त घेतो, पण दोन थ्रेड एकाच जागेला लॉकशिवाय हात लावताना दिसले की दोघांचीही ओळ छापून देतो.

हे सगळं एकत्र करून त्या इंटर्ननं एक चाचणी लिहिली: पूल उघडायचा, लगेच दहा कामं टाकायची, ती झाल्याचं मोजायचं, बंद करायचा, आणि हे दहा हजार वेळा. निम्म्या वेळा उष्ट्या मेमरीसह, काही वेळा थ्रेडची मर्यादा कमी करून. ती रोज रात्री चालते. गेल्या महिन्यात तिनं एक पकडलं. कुणीतरी प्रत्येक कामगाराच्या नोंदींसाठी पूलमध्ये लॉगची फाइल जोडली होती, आणि ती उघडण्याची ओळ फंक्शनच्या तळाशी, थ्रेड सुरू झाल्यानंतर लिहिली होती. सकाळी आल्यावर आम्ही ती चार ओळी वर नेली.